काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये

क्लीओथा मिनिफील्ड अ‍ॅम्प घेऊन आले ते नातवाच्या घसरगाडीवरून,
टोलेडोत त्या दिवशी फुटपाथभर बर्फ होता.
"गुणगुणतो," म्हणाले. "डोळे मिटून सगळे गप्प बसतो ना, तेव्हासुद्धा."
काचेच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस,
बोटं अशी, की स्टील गिटारवरची सळई त्यांच्यापुढे मऊ वाटावी.

मागची फळी काढली.
आत आधीच्या कुणाचं तरी सोल्डर, चिरडलेल्या गोमेसारखं,
एक वाळलेला कोळी, आणि तापल्या धुळीचा तो वास
जो बेलामामाच्या कोटाला यायचा.
मामानं शिकवलं ते इतकंच:
प्लग काढला तरी कॅपॅसिटर डूख धरून बसतात.
आधी त्यांना रिकामं कर, मग डावा हात खिशात घाल.
एका हातानं मरणं अवघड असतं, इलोन्का.

खरखर वेगळी, चरचर वेगळी, भणभण वेगळी.
गिऱ्हाईक सगळ्यांना आवाज म्हणतं.
चिनी हॉटेलातली काडी घेऊन एकेका ट्यूबवर टकटक केली,
दुसरी वाजली रिकाम्या पेल्यासारखी, ती बदलली.
एक कॅपॅसिटर पोट फुगवून बसला होता, त्याला घरी पाठवला.
अंगाला अंग लावून झोपलेल्या वायरी
काटकोनात उठवून बसवल्या.
रात्री अकराला आवाज शेवटपर्यंत चढवला
तर जाळीतून नुसतं सूं,
लांब कुणी वाळू चाळतंय इतकंच.

सोमवारी फोन. "गुणगुणतो."
परत आणला. माझ्या टेबलावर मुका.
परत नेला. "गुणगुणतो, बाई."
मला वाटलं म्हाताऱ्याचे कान.
त्यांना वाटलं माझे.

शेवटी मीच गेले चर्चमध्ये, गुरुवारी, तालमीच्या वेळी.
भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. तिथे एक फ्रीझर,
शवपेटीएवढा, शुक्रवारच्या जेवणाचे पर्च मासे पोटात घेऊन.
तो घरघरला, की अ‍ॅम्प गुणगुणायचा.
एकाच वायरीवरची दोन भावंडं.
दुखणं रेड्याला, आणि मी तीन आठवडे
डाग देत होते पखालीला.

"प्लग काढायचा नाही," ऑर्लीन बाई दारात आडव्या.
"मासे कुणाच्या बापाचे नाहीत, मंडळाचे आहेत."
मग लांब वायर टाकली, दालन ओलांडून,
जिन्याखालच्या दुसऱ्या सॉकेटला.
शांतता.
इतकी, की खिडकीवरचा बर्फ घसरलेला ऐकू आला.
मी थोडी फुशारले. का नाही?

क्लीओथांनी सळई टेकवली.
सात बायका गायला लागल्या,
आणि दुसऱ्या ओळीत एकेक जण वेगळ्या वाटेनं गेली.
पुन्हा सुरुवात. पुन्हा तेच.
ऑर्लीन बाईंनी हात वर केला:
"खालची जमीन कुणी काढली?"

माझ्याकडे सूर मोजायचं यंत्र होतं. फ्रीझरला लावलं.
काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये,
जगातल्या कुठल्याच पेटीत नसलेली पट्टी.
पियानो तळघरात पाणी शिरलं त्या वर्षी गेला;
तेव्हापासून अकरा वर्षं क्लीओथा
तारा लावत होते माशांच्या तंबोऱ्यावर,
आणि कुणालाच, त्यांनासुद्धा, पत्ता नव्हता.

लांब वायर मी गुंडाळली.
कुणी काही म्हणालं नाही. क्लीओथा बुटांकडे बघत हसले.
बिलात एक ट्यूब, एक कॅपॅसिटर.
मजुरीचे चार पर्च, वर्तमानपत्रात, दगडासारखे.

फ्रीझर घरघरला. बायका गाऊ लागल्या.
मला त्यांच्या देवाचं फारसं कळत नाही.
मागच्या बाकाशी उभी होते,
आणि बऱ्याच वेळानं ध्यानात आलं,
माझा डावा हात अजून खिशातच आहे.